खणाच्या फटीतला दोरा

प्रिय दादा,

अकरा वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. पाकीट तू आधी उजेडात धरून पाहिलं असशील, आणि ते चिकटवलेलंच नाही हे बघून चपापला असशील. त्याचं कारण शेवटी सांगते.

मीही असंच करते. आपण एकाच शाळेत शिकलो ना, बाबांच्या मागच्या खोलीत. ते भूमिगत होते, आपल्याला बाहेरच्या शाळेत घालता आलं नाही, म्हणून अक्षरं पत्रकांवरून गिरवली आणि बेरीज-वजाबाकी जिन्यावरच्या पावलांवरून: किती चढले, किती उतरले. तू म्हणायचास, बाबा एक दिवस स्वतःच्या सावलीकडेही सभासद-कार्ड मागतील. मी हसायचे, आणि मग हसल्याबद्दल दिवसभर मन खात राहायचं.

माझ्याकडे खणाचं काम होतं. पक्षाच्या सभासदांची यादी खालच्या खणात. तो बंद केला की फटीत काळा दोरा अडकवायचा आणि रोज सकाळी जागेवर आहे का बघायचा. त्या सोमवारी तो नव्हता. मी बाबांना सांगितलं, आणि त्यांनी विचारल्यावर हेही सांगितलं, की मी फक्त तुलाच खोलीतून बाहेर येताना पाहिलं. चार दिवसांनी पाच जण पकडले गेले. त्याच संध्याकाळी बाबांनी तुझी पिशवी जिन्यात ठेवली.

बाबा गेल्या वर्षापासून अंथरुणाला खिळलेत. चहाचा पहिला घोट मला घ्यायला लावतात. डॉक्टरांनी नाडी बघताना घड्याळ पाहिलं, तर ते गेल्यावर बाबांनी मला विचारलं, याला कुणाकडे पोचायची घाई आहे? ज्यांच्या एका शब्दावर हजारो माणसांनी गिरण्या बंद पाडल्या, त्यांचा स्वतःचा भरवसा कुणावर म्हणून बसला नाही. माझ्यावर तेवढा आहे, असं मी समजत होते.

पक्ष त्यांचं चरित्र छापतोय. मी छापखान्यात प्रुफं तपासते, तेव्हा ते माझ्याकडेच आलं. एक्केचाळिसाव्या पानावर तू आहेस. पोटच्या मुलाने यादी पोलिसांना दिली आणि नेत्याने त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं, असं छापलंय. तारखा पडताळायच्या म्हणून मी ते पान बाबांना वाचून दाखवलं. ते सहज म्हणाले, "दोरा मीच काढला होता. तू नीट बघतेस की नाही, ते पाहायला."

मग दादाला का घालवलंत, असं मी विचारलं.

"तू त्याचं नाव घेतलंस. मला वाटलं, तुला आणखी काहीतरी ठाऊक असणार."

दादा, मला काहीही ठाऊक नव्हतं. उलट, बाबांनी इतक्या चटकन मानलं म्हणजे त्यांच्याकडे पुरावा असणार, असं मी धरून चालले. अकरा वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर तुला फितूर मानत राहिलो. यादी कुणी फोडली, ते आजही कुणाला माहीत नाही.

काल मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, मी असं बोललोच नाही; आणि हे विचारायला तुला कुणी पाठवलंय? तेव्हापासून मी घरात शिरले की ते उशीखाली हात घालून काहीतरी चाचपतात.

उद्या सकाळी प्रुफं परत जातील. ती ओळ मी खोडली आहे आणि समासात लिहिलंय, की नाव मी घेतलं, माझ्याकडे पुरावा नव्हता. खाली सही केली आहे. समिती ते मानेल असं वाटत नाही. कदाचित माझीही पिशवी जिन्यात येईल. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. माफ कर म्हणायची हिंमत नाही, परत ये म्हणायचा हक्क नाही. पाकीट मुद्दामच उघडं ठेवलंय. वाटेत ज्याला वाचायचं असेल, त्याने खुशाल वाचावं.

तुझीच,
खणाची राखणदार