लिंबं तशीच राहिली

रविवार, २१ ऑक्टोबर २००७. दसरा.

लिंबं तशीच राहिली. दोन्ही! हे आधी लिहून ठेवतो.

मही नदीच्या कोतरांत, त्या मातीच्या घळींत, पळवायची म्हणून शेजारच्या जिग्नेशने आणि मी पाच महिने खपून गो-कार्ट बनवली. भंगारातून क्वाड बाइकचं इंजिन मी शोधलं, पाइप मी वाकवले, वेल्डिंगही माझंच. आणि नवरात्र लागताच साहेबांनी गाडीवर रंगवलं, ‘जिग्नेश रेसिंग’. वर मलाच म्हणतो, “तुं तो हेल्पर हतो ने, यार.”

हेल्पर!

परवा सायलेन्सर मागून रुबाबात निघावा म्हणून त्याने इंजिन फिरवून बसवलं. मी पाहिलं. इंजिन उलटं म्हणजे चेन उलटी, चाकं उलटी. सांगायला हवं होतं का? हेल्परने कशाला तोंड उघडायचं?

आज दांडिया बाजारात सगळी गल्ली जमली. हार, नारळ, पुढच्या चाकांसमोर एकेक लिंबू. गाडीमागची पोरंबाळं मी आधीच बाजूला केली होती. जिग्नेशने गॉगल चढवला, गियर टाकला आणि गाडी सुसाट मागे, थेट फाफडा-जलेबीच्या टेबलात! त्याच्या डोक्यावर जलेबीचा पाक. लिंबांना चाक शिवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आला. “भाई, सीधुं करी आप ने.” इंजिन सरळ करून दे म्हणे.

आई म्हणत होती, पूजेची लिंबं आहेत, टाकून दे. मी सरबत केलं. त्याच्यासमोर बसून दोन ग्लास प्यायलो, सावकाश.

त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.