पिवळ्या रंगाचा खुलासा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
शुक्रवार पेठ, सोलापूर

तीर्थस्वरूप गुरम्माक्का हिला,

धाकट्या ईश्वरप्पाचा शरणार्थ. गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला (आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची त्यांची हौस) कमी झाला का? फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकून ओसरीवर ठेवतेस, आणि आजची बातमी तुमच्या वैरागच्या बाजारात पोचण्यासारखी नाही. म्हणून कागद. मनातल्या मनात वाच.

माझं तोंड आलेलं तुला ठाऊकच आहे. जीभ लालभडक, गुळगुळीत. पाणी प्यालं तरी झोंबायचं, चव तर काहीच कळेना. तुझी भावजय सिद्धेश्वरी रोज दह्याची वाटी पुढं सारायची, मी मागं सारायचो. दूधदुभत्याचं आणि माझं लहानपणापासून वाकडं, तूच साक्षीला आहेस की. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल आणि बिनदुधाचा चहा, एवढ्यावर आयुष्य काढलं. शेवटी मेडिकलवाल्यानं बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. रोज एक घ्या म्हणाला. (मी दोन घेतल्या. आपल्या घराण्यात कमी घ्यायची पद्धत नाही.)

आक्का, मोठी बहीण आहेस तरी लिहितो. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक! टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात उभं आयुष्य गेलेला माणूस मी. लिंबू पिवळा बघितला, हळदी बघितला, पण असला झगझगीत पिवळा आमच्या रंगखात्यातून कधी निघाला नाही. म्हटलं, झाली कावीळ!

मग काय, तेल बंद, तिखट बंद. मऊ भात, उसाचा रस आणि ताक. माझं ताट-तांब्यासुद्धा वेगळं. जिवावर बेतल्यावर ताकाला कोण नाही म्हणतंय? डोळे मिटून प्यालो. गोळ्या मात्र चालूच ठेवल्या, तोंडासाठी. नवल बघ, पथ्य जेवढं कडक करावं तेवढा रंग लई खुलायचा! मी घरातल्यांकडं शेवटचं बघितल्यासारखं बघायला लागलो.

त्यातच चंद्रिकेच्या होणाऱ्या सासूबाईंचा, दाक्षायणीबाईंचा, अक्कलकोटहून फोन आला. साखरपुडा थोडा पुढं ढकलू या म्हणाल्या. कारण सांगितलं नाही, पण मला कळायचं ते कळलं. रोगी बापाची पोरगी कोण करून घेणार? माझ्यापायी पोरीचं जमलेलं मोडतंय, या विचारानं रडलो, खोटं कशाला लिहू.

शेवटी चंद्रिकेनं धरून डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त तपासलं. कावीळ औषधालासुद्धा नाही! बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, ही बी जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीचं बरंचसं अंग बाहेर टाकतं, आणि त्यातलं बी टू मुळातच पिवळं. म्हणजे रंग मीच गिळत होतो आणि मीच घाबरत होतो. ज्वारी-शेंगदाण्यातही काही बी जीवनसत्त्वं असतात म्हणे, तेव्हा एकट्या चटणीचा दोष नाही. (हे सिद्धेश्वरीला दोनदा मोठ्यानं ऐकवलं.) पण बी ट्वेल्व्ह आपल्यासारख्या अंडी-मटण न खाणाऱ्यांना दूध-दह्यातूनच मिळायचं, आणि तेच मी सोडलेलं. आता त्याच्या सुया चालू आहेत. एकूण सगळं ठीक, काळजी नसावी.

तुझा,
ईश्वरप्पा

ता. क. काळजी एकच आहे. स्थळ तू आणलंस, तेव्हा दाक्षायणीबाईंना तूच सांग की कावीळ नव्हती. कशावरून, असं विचारलं तर रंगाचं सांगावं लागेल. मी व्याही होणार, विहीणबाईंसमोर माझ्या तोंडून लघवी हा शब्द निघायचा नाही. तू बाईमाणूस. कसंही सांग, पण सोयरीक मोडू देऊ नको. हात जोडतो.

आत्या, मी चंद्रिका. आप्पांनी पाकीट चिकटवायला दिलं, ते मी वाचलं. तू अक्कलकोटला काही बोलू नकोस. गोळ्यांनी रंग येतो हे मला मेडिकलवाल्यानं कधीच सांगितलं होतं. पण काविळीच्या भीतीनं आप्पांनी चटणी सोडली, ताक धरलं. आईला एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं ते. म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. (त्यांना कळू देऊ नकोस, ताक सोडतील.) आणि साखरपुडा मीच पुढं ढकलायला लावला. नंदीशला सांगितलं, त्यांनी त्यांच्या आईला. माझ्या साखरपुड्याच्या पंगतीत आप्पांनी जिभेला झोंबतंय म्हणून अर्ध्यावर उठायचं, ते मला बघवलं नसतं. काल त्यांनी आमटीचा एक भुरका मारला आणि आईवर खेकसले, मीठ कमी आहे म्हणून. आई तिथंच रडायला लागली. मी अक्कलकोटला फोन लावला, म्हटलं, आप्पांना चव आली, आता तारीख धरा.