अकरावा गोंडा

मी ह्यू मॅक्लर्ग, वय त्रेपन्न, राहणार डॅलक्रेग, आयरशायर, धंदा आधी फुटबॉल, मग कोळशाची खाण, आता खोकला, हे माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. ओला चामडी चेंडू सोळा वर्षं कपाळावर झेलूनही माझी बुद्धी शाबूत आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीचा दाखला मागितला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. हे मी कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. भिडेखातर जे करायचं ते करून झालं आहे.

कलम १. घर खाणीचं आहे, ते मला कुणाला देता येत नाही. घरातलं सामान, तीन वर्षांपूर्वी गेलेली माझी बायको नॅन हिचं शिवणयंत्र आणि चुलीवरच्या फळीची चंदेरी गोंड्यांची झालर मुलगी एल्स्पेथ हिला. झालर बाबांच्या घरातली आहे. तिचा कोपऱ्यातला गोंडा नाही, त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल.

कलम २. शर्यतीची नऊ कबुतरं खुराड्यासह शेजारी टॅम गिलीस याला. राखाडी मादी नेहमी शेवटी येते म्हणून टॅमने तिची मान मुरगळू नये. त्याचा हात अशा बाबतीत फार चालतो, म्हणून लिहून ठेवतो.

कलम ३. थोरला भाऊ अलेक्झांडर, म्हणजे सँडी, याला काहीही नाही. जानेवारी १९३२ मध्ये बाबांच्या शवपेटीवर मी माझी टोपी ठेवली, ती याने अख्ख्या गल्लीदेखत उचलून माझ्या हातात परत दिली. "ही इथे नको," एवढंच म्हणाला. तेव्हापासून पंचवीस वर्षं आम्ही भाऊ हवापाण्यापलीकडे बोललेलो नाही. वकील म्हणतात, ज्याला काही मिळत नाही त्याचीच साक्ष उत्तम. म्हणून एक साक्षीदार मी सँडीलाच केला आहे. काय मिळत नाही ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं.

कलम ४. टोपी. स्कॉटलंडसाठी खेळणाऱ्याला मिळते ती चंदेरी गोंड्याची निळी मखमली टोपी माझ्याकडे आहे असं सगळं डॅलक्रेग धरून चालतं. वर्षातून एकदा ती कामगार सभागृहात काचेखाली ठेवतात, मला पुढच्या खुर्चीत बसवतात आणि टाळ्या वाजवतात. ती टोपी खोटी आहे.

मी देशासाठी खेळलो हे खरं. एकदाच, समुद्रापलीकडच्या दौऱ्यावर, सेंटर फॉरवर्ड म्हणून, आणि गोलही मारला. पण टोपी मिळायची ती इंग्लंड, वेल्स किंवा आयर्लंडविरुद्ध खेळलं तरच. परदेशात खेळून आलेल्याला नुसतं हस्तांदोलन.

बाबा तेव्हा स्वयंपाकघरातल्या पलंगावर चुलीकडे तोंड करून पडून असायचे. खाणीने त्यांची छाती आधीच खाल्ली होती.

"टोपी कुठंय रे?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वेळी, बाबा."

पुढची वेळ खरंच आली. वेल्सविरुद्ध माझी निवड झाली आणि बाबांनी खोकत खोकत येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगितलं. पण मी इंग्लंडमधल्या एका क्लबशी बांधलेला होतो, आणि खेळाडूला सोडायचं की नाही ते क्लबच्या हातात. मॅनेजर जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "शनिवारी आपलीपण मॅच आहे, मॅक्लर्ग. तुझे पाय कोणाचे?"

"तुमचे, साहेब," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायचं सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. त्या शनिवारी इतकं धुकं उतरलं की अर्ध्या तासात आमची मॅच रद्द झाली. वेल्सविरुद्ध माझ्या जागी दुसरा खेळला. मला पुन्हा कोणी बोलावलं नाही. घरी यातलं काही कळवायचं मी टाळलं.

डिसेंबरात तार आली तसा घरी धावलो. बाबा संपत आले होते. मला बघताच म्हणाले, "आणलीस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, सामानात आहे."

नॅनने उशीचा निळा मखमली अभ्रा उसवला आणि भर दुपारी, बाबांचा डोळा लागलेला असताना, त्यांच्या पायथ्याशी बसून टोपी शिवली. गोंडा हवा होता, तो तिने समोरच्या झालरीचा कापला. बाबांनी टोपी हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. "छान शिवलीय," म्हणाले आणि छातीवर ठेवली. नवव्या दिवशी गेले.

मरणाऱ्या बापाला मी फसवलं. हे मला पंचवीस वर्षं खातं आहे आणि त्याची माफी मागायला समोर कोणी नाही. माझ्यामागे हे कलम सभागृहात मोठ्याने वाचावं आणि टोपी चुलीत घालावी.

पुरवणी, त्याच दिवशी. वरचा मजकूर मी साक्षीदारांना आणि वकिलांना वाचून दाखवला. कलम तीन होईपर्यंत सँडी बुटांकडे बघत होता. "छान शिवलीय" इथवर आलो तेव्हा तो बोलला.

"त्यांना ठाऊक होतं, ह्यू."

"काय ठाऊक होतं?"

"दिवसभर त्या झालरीकडे बघत पडलेले असायचे रे. दुसरं होतंच काय बघायला? मला म्हणाले, सँडी, काल अकरा गोंडे होते, आज दहाच आहेत. आणि असे हसले की मला वाटलं, खोकल्यातच जातात आता."

"मग पेटीवरून का उचललीस?"

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, पोरीने मेहनत केलीय, ही मातीत घालू नका. ह्यूला खरी मिळाली की दोन्ही शेजारी ठेवा आणि मग सांग त्याला, म्हाताऱ्याला कळलं होतं म्हणून. तोवर तोंड उघडायचं नाही."

"अरे, पण पंचवीस वर्षं?"

"खरी यायची वाट बघत होतो," सँडी म्हणाला.

माझा गुडघा १९३७ मध्येच कायमचा गेला. त्यानंतरही कोणी वाट बघत असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर रडलो, ते लिहायला मला लाज वाटत नाही. पण आता माझ्या हातात काहीच नाही. हे नॅनला सांगता येत नाही, आणि सँडीची वर्षं त्याला परत देता येत नाहीत.

कलम तीन रद्द. कलम चारचं शेवटचं वाक्य रद्द. टोपी सँडीला. यावर वकील म्हणाले की आता त्याने साक्षीची सही न केलेली बरी.

"मग टोपी एल्स्पेथला दे," सँडी म्हणाला. "मी सही करतो. तुझ्या कागदावर माझं नाव तरी राहील."

"तू गप टोपी घे," मी म्हणालो.

ठिकाण: डॅलक्रेग. दिनांक: ९ मार्च १९५७.

सही: ह्यू मॅक्लर्ग

साक्षीदार:
जीन ऑल्ड, शाळामास्तरीण
रॉबर्ट पर्डी, पोस्टमन, रस्त्यावरून बोलावून
अलेक्झांडर मॅक्लर्ग (हे नाव मी स्वतः खोडले आहे. हा वारस आहे. ह्यू मॅ.)