खाऱ्या पाण्याचं रीळ

हिंगणी,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय ज्योत्स्ना,

पार्सल पोचलं, गळाचं रीळ सुखरूप आहे. गेल्या आठवड्यात तू फोन केलेस आणि दर वेळी आईने ‘बाबा शेतात गेले’ असं सांगितलं, तेव्हा मी शेतात नव्हतो. समोरच खुर्चीवर बसून तिला हाताने ‘नाही म्हण’ अशी खूण करत होतो. तुझी आई खोटं बोलते तेव्हा तिचा आवाज बारीक होतो, त्यावरून तुला कळलंच असेल. काल तू तिला म्हणालीस, की बोलायचं नसेल तर राहू दे, पण रीळ कसं वाटलं तेवढं तरी विचार. म्हणून लिहायला बसलो. नोकरीत असताना कालव्याच्या पाण्याचे अहवाल पुष्कळ लिहिले, पण पोटच्या पोरीला पत्र लिहायची सवय नाही. इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घे.

खोकं आलं तेव्हा आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती आणि बंडूजी चहाला आला होता. आईने रीळ बाहेर काढलं, त्याचं हँडल फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “अजी, जवायानं काय पाठोलं हे? मिक्सरचं हाय का काही?” बंडूजी इतकी वर्षं माझ्याबरोबर डोहावर गळ टाकून बसतो, त्याला ते काय आहे ते लगेच समजलं. त्याने खोक्यावरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाला, “तानबाजी, हे तं खाऱ्या पाण्याचं हाय. इथं कोठं आणता समुद्र? समुद्रपूरले नेऊन टाका, तिथं नावात तरी हाय.” आई हसली. मला हसू आलं नाही. मी रीळ पुन्हा खोक्यात घातलं आणि खोकं माळ्यावर टाकलं. मला वाटलं, जावयाने टोमणा मारला. खडकावर माझ्या हातून त्याचा रॉड रिळासकट समुद्रात गेला, आता वर हे नवं पाठवून तो मला आठवण करून देतो आहे. रोशनसारख्या मुलाबद्दल असं मनात आलं, याचीच मला आधी लाज वाटते.

पण तसं वाटायला माझंच वागणं कारण होतं. तुझ्या लग्नात मी तुमच्याकडच्या मंडळींसमोर काय काय बोललो ते तुला आठवत असेल. बोर नदीत असा डोह नाही जिथे मी पोहलो नाही, असा मासा नाही जो मला चकवून गेला. तुमच्या गावची ती माणसं, ज्यांचा जन्म बोटीवर गेला, ती गप्प बसून ऐकत होती. तुझ्या सासूबाईंनी तेव्हा पान पुढे करत म्हटलं होतं, “व्याही, या एकदा आमच्याकडे. आमचा समुद्र पण बघा.” मी म्हणालो, पाणी ते पाणी.

डिसेंबरात आलो तेव्हा काय झालं ते तुला इतरांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. तू त्या दिवशी दवाखान्यात ड्यूटीवर होतीस. रोशन मला घेऊन खडकावर गेला. तुझ्या सासूबाई, जिजाबाई, आमच्या पलीकडे खडकाला चिकटलेली शिंपल्यांची कालवं हातोडीने फोडत बसल्या होत्या, गावातली आणखी चारदोन माणसं होती. रोशनने रॉड माझ्या हातात दिला आणि फार अदबीने सांगितलं, “बाबा, ही पुढची चकती थोडी ढिली असू दे. मोठा मासा लागला तर दोरी सुटायला हवी.” मी मान हलवली. तो आमिष आणायला वळला आणि मी ती चकती गच्च आवळली. आपल्याकडे बांबूला नायलॉनची तंगूस दोरी बांधलेली असते, मासा लागला की ओढायचं, एवढंच मला ठाऊक. माशाला दोरी सोडायची म्हणजे मला त्याच्यापुढे हार मानल्यासारखं वाटलं.

मासा लागला. तो दिसलाच नाही, म्हणून केवढा होता ते सांगू शकत नाही. रॉड कमानीसारखा वाकला. रोशन लांबून ओरडला, “सोडा, बाबा, चकती सोडा.” मी दोन्ही पाय रोवून मागे रेललो. तेवढ्यात लाट आली, पायाखाली शेवाळ होतं, आणि मी दोन खडकांच्या मधल्या घळीत पडलो. रॉड कधी सुटला ते कळलं नाही. ज्योत्स्ना, मी भर पावसाळ्यात कालव्यात उड्या टाकल्या आहेत, पण ते पाणी एका दिशेने जाणारं. हे पाणी आत ढकलत होतं आणि लगेच बाहेर खेचत होतं. नाकातोंडात खारं पाणी गेलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण ‘माय वं’ म्हणून हाक मारली असावी, कारण नंतर वर दोन पोरी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मग कुणीतरी माझं मनगट धरलं आणि मला छातीपर्यंत वर ओढलं. त्या तुझ्या सासूबाई होत्या.

त्यांनी मला बाहेर काढलं आणि मग त्यांचाच पाय घसरून त्या पडल्या, असं तुला त्यांनी सांगितलं आहे. पुढचं सांगायच्या आधी मला थोडं थांबू दे.

तुझ्या आईचं विचारशील तर तिची गुडघेदुखी बरी आहे. कापसाचा वेचा चालू आहे. रानडुकरांनी शेताच्या कडेची, धुऱ्याकडची तूर लोळवली, म्हणून रात्री राखणीला माणूस ठेवला आहे. मी तुमच्याकडून परत आलो तेव्हा गावात सगळ्यांनी विचारलं, समुद्रात काय गावलं. मी म्हणालो, हवा खराब होती, कोणी पाण्याजवळ गेलंच नाही. बंडूजीलाही हेच सांगितलं. आईलाही.

ते खोकं माळ्यावर दोन दिवस राहिलं. परवा बंडूजी त्याचा नागपूरहून आणलेला फायबरचा रॉड घेऊन आला आणि म्हणाला, नवं सामान असं डांबून ठेवायचं नसतं, काढा बाहेर. मग डोहावर गेलो. तू विचारलं आहेस म्हणून रिळाबद्दल नीट लिहितो. ते भारी जड आहे. बंडूजीच्या बारीक रॉडला लावलं तर रॉड मागच्या मागे झुकायला लागला. पण फिरवायला इतकं हलकं, की हँडलला बोट लावून सोडलं तरी आपोआप आणखी दोन वेढे जातं. आतून कसलाही खडखड आवाज नाही. दोरी सोडायची तारेची कडी पाडली की टक्‌ असा एक भरीव आवाज येतो, तो मला फार आवडला. सांध्यासांध्याला काळं रबर बसवलेलं आहे, मीठ आत जाऊ नये म्हणून. बंडूजी त्यावर हात फिरवत म्हणाला, “लय मजबूत हाय बाप्पा. आपल्या नदीत तं हे सात जन्म सडत नाई.” मला एकच खोड वाटली, हँडलची मूठ मोठी आहे, माझ्या हाताला बरी बसते पण बंडूजीच्या नाही. गळ फेकला तर तो डोहाच्या पलीकडच्या काठाजवळ जाऊन पडला. आजवर बांबूने तिथे मी कधी पोचलो नव्हतो.

पुढची चकती मी या वेळी रोशनने सांगितली तशी ढिली ठेवली. ठेवताना बंडूजी पाहत नाही ना, हे बघून घेतलं. बराच वेळ काही झालं नाही. मग मरळ मासा लागला, आणि रीळ कर्र कर्र वाजायला लागलं. दोरी माझ्या हातातून निघून चालली होती आणि मी नुसता उभा होतो. माझा हात आपोआप चकतीकडे गेला, पण मी तो मागे घेतला. मासा पळाला, थांबला, पुन्हा पळाला. तो थकला तेव्हा मी फिरवत फिरवत त्याला काठाला आणलं. ना पाय घसरला, ना खांद्याला हिसका बसला. बंडूजी म्हणाला, “एवढा मासा आन् तुमाले घाम नाई?” मी खाली बसलो आणि मला रडू आलं. त्याला वाटलं, आनंदाने.

घरी येऊन आईला खरं सांगितलं, की मी समुद्रात पडलो होतो आणि विहीणबाईंनी मला वर घेतलं. ती मासा धूत होती, तशीच धूत राहिली. म्हणाली, “मले मालूम हाय. पोरीनं त्याच दिवशी सांगतलं.” मी विचारलं, मंग मले काऊन नाई बोललीस? “तुमी सोताहून सांगान म्हून वाट पाहून राह्यली होती.” मग तिने बाकीचं सांगितलं. जिजाबाईंच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी तू त्यांना नेऊन प्लास्टर घातलंस, तेव्हापासून त्या कालवांना जाऊ शकत नाहीत. आणि रीळ रोशनने पाठवलेलं नाही. जिजाबाईंनी त्याला मागवायला लावलं आणि आमचा पत्ता दिला. वर निरोप दिला, की व्याह्यांचा गळ आमच्या खडकात अडकला आहे, तो काढायला त्यांनाच यावं लागेल. हे सगळं आईला ठाऊक होतं, अंगणात ‘जवायानं काय पाठोलं’ म्हणाली तेही मुद्दामच, आणि ती इतके दिवस माझ्या खोट्या खुणांना मान देत होती.

आता ते सांगतो, जे आईलाही सांगितलेलं नाही. जिजाबाईंचा पाय घसरला नव्हता. त्यांनी मला खडकाच्या काठापर्यंत आणलं होतं. माझा एक गुडघा वर टेकला होता, माझी पँट फाटली होती, वर माणसं उभी होती, त्या पोरी हसत होत्या, आणि मी, मुलीचा बाप, विहिणीच्या हाताला लोंबकळत होतो. त्या म्हणाल्या, “लाजू नका, व्याही, घट्ट धरा.” त्या ‘लाजू नका’नेच माझं डोकं फिरलं. मी ‘सोडा मला’ म्हणून हात हिसडला. माझा दुसरा हात खडकावर होता, मी पडलो नाही. त्या पडल्या, हातावर, कालवांच्या धारदार शिंपल्यांवर. मी ते पाहिलं. लोक धावले तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आधी सांगून टाकलं, की माझाच पाय सरकला. रात्री त्यांनी हळद लावून मनगटाला फडकं गुंडाळलं होतं आणि डाव्या हाताने मला भात वाढला. फडक्यातून हात सुजलेला दिसत होता. मी ताटाकडे पाहून जेवलो. सकाळी तू ड्यूटीवर गेलीस, आणि मी रोशनला कापसाचं कारण सांगून चिपळूणची गाडी धरली. निघताना त्यांच्या पाया पडायला, निदान हात कसा आहे विचारायला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो होतो. त्या पाठमोऱ्या होत्या, डाव्या हाताने चूल पेटवत होत्या. मी तसाच परत फिरलो.

परवा डोहावरून आल्यावर मी त्यांना फोन लावला. त्यांनी ‘हॅलो’ म्हटलं आणि मी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग त्यांच्या नावाने पत्र लिहायला घेतलं, पण सुरुवातीला काय लिहावं, कुठल्या तोंडाने लिहावं, ते सुचेना. म्हणून वर तुझं नाव घातलं आहे. पत्र त्यांचं आहे. प्लास्टरच्या हाताने त्यांना इतके कागद धरता येणार नाहीत, तेव्हा तू त्यांच्याजवळ बस आणि सगळं मोठ्याने वाच. रोशन घरात असेल तर त्यालाही ऐकू दे. मी हात हिसडला तो भाग गाळू नकोस, हळू आवाजातही वाचू नकोस. संक्रांत झाली की मी आणि आई येतो आहोत. त्या हो म्हणाल्या तर त्यांचा हात प्लास्टरमधून सुटेपर्यंत राहीन. पाणी भरीन, चूल पेटवीन, त्या बसून दाखवतील तशी कालवं फोडीन. नको म्हणाल्या तर त्यांच्या पायावर डोकं ठेवून दुसऱ्या दिवशी निघेन, या वेळी सगळ्यांना सांगून. त्यांनी उत्तर द्यायची गरज नाही. फक्त वाचत असताना त्या मध्येच कुठे हसल्या, तर कुठे हसल्या ते मला फोन करून सांग. मी उचलेन.

तुझाच,
बाबा