वाद्या कापलेली गाडी

सुनील राठोड यास,

चिरंजीव लिहायले हात उठला नाही. तुझा फोटो पाहिला. बर्फावर कुत्र्यांनी ओढायची ती गाडी मी इथं आपल्या बोरी अरब गावात तीन महिने बसून बांधली, अन् तू चामड्याच्या साऱ्या वाद्या कापून सांध्यासांध्यात बोल्ट ठोकले.

गाडी नेतानाच तू कुरकुरत होता, "काका, चामडं पाहून सोबतचे हासतीन. बैलबंडी घेऊन आला म्हणतीन."

मी म्हटलं, "हासू दे. ओली वादी आवळली की वाळून घट्ट बसते, तरी सांधा थोडा हलते. म्हणून खाचखळग्यात लाकूड वाचते. तिकडचे जुने लोकंही बांधतात, ठोकत नाहीत."

तू मान डोलावली न् गेला. पहिल्याच फेरीत गाडी बोल्टाच्या भोकापाशी चिरली, तं साऱ्यांसमोर सांगून राह्यला, "काकाचं लाकूड कच्चं निघालं." अबे, धावड्याचं पक्कं लाकूड आहे ते. कच्चा तू निघाला.

तुझी बायको पुष्पा सांगत होती, होळीनंतर त्याच गाडीले पट्ट्या मारून तू चाळीस दिवस बर्फात जाणार.

मी दुसरी बांधली आहे. पुष्पा उद्या तिच्या नावानं पाठवते. हे पत्र मात्र धाडत नाही, माझ्याच पेटीत ठेवतो. हे वाचलं तं तू हट्टानं माझ्या गाडीले हात लावणार नाही, अन् त्या चिरलेलीवरच सामान लादशील.

तुझ्याशी बोलणं सोडलेला,
पूनमसिंग काका