आधीच्या प्रवेशाचं संगीत

ती. ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, निदान तसं दाखवतात तरी.

पत्रास कारण की, आमच्या नाटकमंडळीत माझ्याविरुद्ध कट शिजतोय. तू राहायला आलीस तेव्हा लॅपटॉपवरचं माझं संगीत पाहिलंसच: पडद्यावर चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. मी बटण दाबलं की एका चौकोनाला निरोप जातो, 'या प्रवेशाचा तुकडा लाव', दुसऱ्याला जातो, 'वाजव'. बटण एक, तारा दोन, आधी कुणाला? (माणसांत वडीलधाऱ्यांना. इथे जो उजवीकडे, त्याला.) म्हणून मी 'लाव' उजवीकडे ठेवला होता. तरी परवाच्या तालमीत मशीन आधी वाजवायला लागलं आणि मग लावायला. म्हणजे दर वेळी मागच्या प्रवेशाचं संगीत! नायिका मेली तेव्हा लग्नाचा बँड वाजला. पुढे चोर खिडकीतून आत आला तेव्हा शोकसंगीत. (चोर इतका गहिवरला की चोरी करायचीच विसरला.) दिग्दर्शकबाईंनी बजावलंय, शनिवारच्या प्रयोगात असं झालं तर मी कायमचं घरी बसायचं.

माझा संशय सरळ बासरीवाल्यावर. मशीन आल्यापासून त्याच्या वाट्याला जेमतेम दोन प्रवेश उरलेत, तरी माझ्याशी गोड बोलतो! (काम गेलेला माणूस गोड का बोलेल?) बोटांचे ठसे मिळावेत म्हणून मी तालमीच्या खोलीत लॅपटॉपवर पावडर भुरभुरून ठेवली. सकाळी बघतो तर मेकअपवाल्याने ती झटकून स्वतःच्या डबीत भरलेली. (त्याच्यावरही आता लक्ष आहे.) शेवटी काल सगळ्यांदेखत बासरीवाल्यालाच विचारलं, "माझ्या मशीनला हात का लावलास?" त्याने बासरी पिशवीत घातली आणि निघून गेला. शाळेपासूनची दोस्ती आमची. ताई, चोर पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तेव्हापासून घास गिळवत नाहीये.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. हिने आत्ता सांगितलं, निघायच्या आदल्या दिवशी 'काय हा पसारा' म्हणत तू ते चौकोन फळीवरच्या डब्यांसारखे लावलेस, मोठे डावीकडे, लहान उजवीकडे! 'लाव' मोठा होता गं. आता मी मध्ये एक वेगळाच चौकोन घातलाय. तो आधी 'लाव'ला सांगतो, ते झालं की मगच 'वाजव'ला. मग कोणी कसंही मांडो.

ता. क. दुसरा. खरं काम असं की, बासरीवाला माझा फोन उचलत नाही. तुझ्या शब्दाबाहेर तो नाही. शनिवारच्या आत ये आणि माझ्या वतीने माफी माग. मला तोंड दाखवायची लाज वाटते.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बासरीवालाच दारात. म्हणाला, "बरं झालं का रे तुझं मशीन?" मला रडूच फुटलं. माफी मीच मागून टाकली. आता बाहेर चहा पीत बसलाय. पण न बोलावता आला कशाला, हे काही कळलं नाही. तू येच. लॅपटॉप तेवढा कपाटात ठेवून आलोय.