रेफरीचा बाप

भवानीपूर, कलकत्ता
ता. २४ जून १९५४

ती. गं. भा. कालिंदीताईस,
धाकट्या दिगंबरचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं भडंग पोचलं. उज्ज्वलेनं डबा वरच्या फळीवर ठेवला आहे. सासऱ्याचा हात तिथवर पोचतो, हे सुनेच्या अजून लक्षात आलेलं नाही. तूही कळवू नकोस.

मनोहर बरा आहे. दिवसा विमा कंपनी आणि संध्याकाळी शिट्टी. रेफरीची परीक्षा पास झाल्यापासून यंदा त्याला फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅचेस मिळू लागल्या आहेत. काळा सदरा, काळी चड्डी घालून आरशासमोर असा उभा राहतो की उज्ज्वला म्हणते, लग्नातही हे इतके नटले नव्हते.

तू विचारलंस, साठी आली तरी चेंडूचं वेड सुटत नाही का. नाही सुटत ताई. चौथी शिकलेला मी, छापखान्यात खिळे जुळवत ह्या गावात आलो तेव्हा चार महिने माझ्याशी कामापलीकडे कोणी बोललं नव्हतं. एका शनिवारी फोरमन मैदानावर घेऊन गेला. आदिगंगा स्पोर्टिंग नावाचा दरिद्री क्लब, त्यानं गोल केला आणि शेजारच्या अनोळखी माणसानं मला मिठी मारली. बस, तेव्हापासून मी त्यांचा. आमचा क्लब तीस वर्षांत काहीही जिंकलेला नाही. जिंकणाऱ्यांच्या मागे सगळं गाव असतं. हरणाऱ्यांच्या मागे आमचे पन्नासेक लोक, तेच चेहरे, लाकडी गॅलरीच्या त्याच फळ्या. तिथं मला सगळे दिगंबरदा, म्हणजे दिगंबरदादा, म्हणतात. आडनाव आजवर कोणी विचारलेलं नाही, इथं नावानंच काम भागतं.

आता मनातलं सांगतो. यंदा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात आहे, म्हणून लोक चिडलेले असतात. गेल्या शनिवारी आम्ही हरलो. मॅच संपल्यावर आमची माणसं रेफरीच्या अंगावर धावून गेली. निमाई म्हणून माझा तीस वर्षांचा सोबती आहे, लोखंडी सामानाच्या दुकानात असतो. त्यानं माझ्याकडे छत्री मागितली. पाऊस नव्हता ताई. छत्री कशाला हवी हे मला कळत होतं आणि मी ती दिली. परत आली तेव्हा काडी वाकली होती. त्या रेफरीच्या डोक्याला तीन टाके पडले.

रात्री जेवताना मनोहर त्याच माणसाबद्दल सांगत होता. त्याच्यापेक्षा वयानं मोठा आहे, दोन मुली आहेत. मी ताटात बघत भात कालवत राहिलो.

तुझी माया मला सवयीची झाली आहे, कमी करू नकोस.

तुझा,
दिगंबर


सांगली
ता. १ जुलै १९५४

चि. दिगंबर यास कालिंदीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं. भडंगाचं मी उज्ज्वलेला कळवते आहेच. छत्रीचं कळवत नाही.

तुला आठवत असेल, हे हुतूतूचे पंच होते. गणपतीच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायची. लोक म्हणायचे, केवढा मान. मी त्या दिवशी चुलीवर पाणी तापवून ठेवायची आणि वाटेकडे कान लावून बसायची. एकदा ह्यांना बैलगाडीतून आणलं, फेटा रक्तानं भरलेला. कोणी केलं विचारलं तर म्हणाले, चांगली माणसं आहेत गं, खेळावर फार जीव त्यांचा. मला आजतागायत ते समजलं नाही. तू शहाणा झालास, पुस्तकं वाचलीस, तीन भाषा शिकलास. तुला समजलं असेल तर मला सांग.

तीस वर्षं तू गॅलरीत ओरडतो आहेस. शिट्टी वाजवणाऱ्याच्या घरी कोण वाट बघत असेल, हे तुझ्या कधी मनात आलं नाही. आता आलं, कारण शिट्टी तुझ्या घरात आली. मी रागावले नाही, पण गोडही बोलणार नाही.

मनोहरला सांग, मोठ्यांच्या मॅचेस मिळाल्या नाहीत तरी चालतील. आणि तू त्या निमाईला हात जोडून सांग की पुन्हा असं करू नका. तुझं ऐकतील. सगळ्यांत म्हातारा तूच असणार.

उज्ज्वलेला आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर मी इथं नको नको ते मनात आणत बसेन, एवढं ध्यानात ठेव.

कालिंदी


भवानीपूर, कलकत्ता
ता. ७ जुलै १९५४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. निमाईला हात जोडायला गेलो आणि वेगळंच करून आलो.

येत्या शनिवारी, दहा तारखेला, आमची निकालाची मॅच आहे. बरोबरी झाली तरी क्लब तरेल, हरलो तर खाली. रेफरींची यादी लागली. त्या मॅचला एम. डी. माईणकर, म्हणजे आपला मनोहर.

मनोहर यादी घेऊन आला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला होता. म्हटलं, परत कर, सांग की बाप त्या क्लबचा आहे. तो म्हणाला, तात्या, नातेवाईक सभासद आहे का असं रेफरींच्या मंडळानं विचारलं होतं, मी ‘नाही’ असं लिहिलं, आणि ते खरं आहे. तुमचं नाव क्लबाच्या कुठल्या वहीत आहे, दाखवा. खरंच नाही गं. मी सभासद कधी झालोच नाही, तिकीट काढून बसणारा माणूस. मनोहर म्हणतो, एकाला टाके पडल्यावर दुसऱ्यानं यादी परत केली तर लोक म्हणतील घाबरला, आणि पुढच्या शनिवारी तिसऱ्याला मारतील. त्यानं माझ्याकडून एकच वचन घेतलं, की शनिवारी मी मैदानावर यायचं नाही.

मग मी निमाईच्या चहाच्या अड्ड्यावर गेलो. सातआठ जण होते, शनिवारचंच बोलत होते. हा माईणकर कोणी मुंबईकडचा आहे, नवा आहे, समोरच्या क्लबनं त्याला फितवलं आहे, अशी पक्की खबर आहे म्हणे. मैदानालगतच्या किल्ल्याच्या बाजूला रेफरी जातो ती वाट कुठली, घोडेस्वार पोलीस कुठं उभे असतात, कोणी कुठून यायचं, हे सगळं लग्नातली पंगत ठरवावी तसं शांतपणे चाललं होतं. निमाईनं माझ्यासाठी जागा केली, चहा सांगितला. मग विचारलं, दिगंबरदा, तुम्हीही तिकडचेच ना, ह्या माणसाला ओळखता का.

मी नाही म्हणालो.

भीतीनं म्हणालो. हो म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, म्हातारा इतकी वर्षं आपल्यात बसून घरात रेफरी पाळतो, म्हणजे फितुरीची खबर खरीच. मनोहरला दुप्पट मारलं असतं. असं मी स्वतःला वाटेत समजावत आलो. पण घरात शिरताना मनोहर बूट पुसत बसला होता, तेव्हा त्याच्याकडे बघवेना.

देवापाशी दिवा लाव. आणि मला दूर लोटू नकोस.

दिगंबर


भवानीपूर, कलकत्ता
ता. १२ जुलै १९५४

ती. गं. भा. आत्याबाईंस,
उज्ज्वलेचा शि. सा. न. वि. वि.

आधी हे सांगते की दोघंही घरी सुखरूप आहेत. आता बसून वाचा.

शनिवारी हे गेल्यावर मामंजी म्हणाले, छापखान्यात जुन्या सोबत्यांना भेटून येतो. चार वाजता पाऊस लागला. मी दारात उभी होते, आत जावंसं वाटेना. शेजारच्या बौदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, दोनदा चहा आणून दिला, तो दोनदा निवला. साडेसातला दोघं एकदम दारात, चिखलानं माखलेले. मामंजी मैदानावरच गेले होते.

हे सांगतात ते असं. शेवटची पाच मिनिटं, गोल कोणाचाच नाही. आदिगंगाच्या गोलासमोर गर्दी झाली, चेंडू उडाला आणि ह्यांनी शिट्टी दिली, की आदिगंगाच्या खेळाडूचा हात लागला, पेनल्टी. त्यावर गोल झाला. मॅच संपली तसे गोलामागचे लोक कुंपण ओलांडून आत आले. ह्यांना मध्ये घेतलं. पोलीस पार पलीकडे होते. ह्यांची शिट्टीची दोरी कोणी तरी गळ्याशी आवळली, अजून वळ आहे, मी तूप लावते.

तेवढ्यात निमाईबाबू म्हणून कोणी आहेत, ते म्हणाले, थांबा, दिगंबरदा गोलाच्या अगदी मागे बसले होते, त्यांना विचारा. सगळे थांबले. मामंजींना हाताला धरून पुढं आणलं. हे म्हणतात, तात्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निमाईबाबूंनी विचारलं, हात लागला होता का. मामंजी बंगालीत म्हणाले, लागला. मी पाहिलं. रेफरी खरा आहे.

आत्याबाई, त्यावर लोकांनी हातातले दगड खाली टाकले म्हणे. निमाईबाबू चिखलातच खाली बसले. गळ्याची दोरी सुटली. ज्या क्लबसाठी मामंजींनी आयुष्य काढलं, तो खाली गेला, आणि तरी त्यांनी खरं तेच सांगितलं. हे आल्यापासून तेच म्हणत आहेत, की खेळावर प्रेम करावं तर तात्यांसारखं.

मामंजी मात्र जेवत नाहीत. क्लबचं दुःख असणार. तुम्ही त्यांना चार शब्द कौतुकाचे लिहा, तुमचं ते ऐकतात. पत्र आलं की मी मोठ्यानं वाचून दाखवीन.

आमच्यावर छाया राहू द्या.

आपली,
उज्ज्वला


कलकत्ता
ता. २२ जुलै १९५४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कौतुकाचं पत्र आलं. उज्ज्वलेनं ते चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं, मनोहरचे डोळे भरून आले. ते कौतुक तू परत घे ताई. म्हणून हे पत्र छापखान्यात बसून लिहितो आहे.

हात लागलेला मी पाहिला नाही.

मी गोलामागे बसलो होतो हे खरं. चेंडू माझ्यासमोर दहा पावलांवर होता हेही खरं. पण त्या दिवशी पहिल्यापासून मी चेंडू बघतच नव्हतो. मनोहर कुठं पळतो, त्याच्या जवळ कोण आहे, गॅलरीतून कोण उठतं, एवढंच बघत होतो. तीस वर्षांत एकही मॅच अशी गेली नाही. गोलासमोर गर्दी झाली तेव्हा मी मनोहरचा चेहरा बघत होतो. त्यानं पावसानं भरलेले डोळे बाहीनं पुसले आणि मग शिट्टी दिली, एवढं मी पाहिलं. चेंडूचं काय झालं, मला माहीत नाही.

निमाईनं विचारलं तेव्हा त्याच्या मागे मनोहरच्या गळ्यातली दोरी ताणलेली दिसत होती. मी लागला म्हणालो. ती माणसं दगड घेऊन आली होती आणि माझ्या एका शब्दावर दगड खाली टाकून घरी गेली. माझ्यावर इतका विश्वास. त्यांनी फितूर शोधला तो मैदानात. तो त्यांच्या फळीवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी निमाई घरी यायला निघाला होता, माझा पत्ता विचारत फिरला. मी त्याला वाटेतच गाठून परत नेलं. दारावर माईणकर अशी पाटी आहे. तो म्हणाला, दिगंबरदा, तुमच्यामुळे आमच्या हातून खून व्हायचा राहिला. पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये जाऊ, पण ताठ मानेनं जाऊ. मी मान डोलावली.

एवढंच असतं तर मी गिळलं असतं. बापानं मुलाला वाचवलं, देव बघून घेईल. पण परवा मनोहर जवळ येऊन बसला. म्हणाला, तात्या, एक विचारू का. पावसात मला नीट दिसलं नव्हतं. चेंडूची दिशा बदलली तशी मी अंदाजानं शिट्टी दिली. दोरी आवळली गेली तेव्हा मला त्यांची भीती नव्हती, आपण चुकलो असू ह्याची होती. तुम्ही पाहिलं म्हणालात आणि जिवात जीव आला. तुम्ही पाहिलंत ना नक्की.

मी पुन्हा हो म्हणालो.

आता तो शांत झोपतो. त्याला पहिल्या डिव्हिजनची मॅच मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात. मी जागा असतो. ज्यानं शिट्टी दिली त्यानं पाहिलं नाही, ज्यानं साक्ष दिली त्यानं पाहिलं नाही, आणि एक अख्खा क्लब खाली गेला. ज्या खेळाडूवर हाताचा आळ आला तो रोज अड्ड्यावर येतो. लागला नव्हता असं तो सुरुवातीला म्हणत होता. आता तो म्हणतो, दिगंबरदांनी पाहिलं म्हणजे लागला असेल. काल त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. ताई, मी पाय मागे ओढून घेतले.

मनोहरला सांगितलं तर तो शिट्टी पुन्हा तोंडाला लावणार नाही. निमाईला सांगितलं तर काय होईल ते मला माहीत आहे, आणि ते माझ्यापुरतं राहणार नाही. न सांगावं तर शनिवारी क्लबची शेवटची, नावापुरती उरलेली मॅच आहे, माझी जागा ठेवली आहे असा निरोप आला आहे, आणि तिथं बसून मला खेळ बघावा लागणार आहे.

दोघांपैकी आधी कोणाला सांगू, एवढंच कळव. सांगूच नको असं मात्र लिहू नकोस, मी ते लगेच ऐकेन. उत्तर घरी पाठवू नकोस, उज्ज्वला मोठ्यानं वाचते. छापखान्याचा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

हे वाचूनही माया उरली तर तेवढी पाठव.

तुझा,
दिगंबर